दोन ग्रॅमची चिचुंद्री आणि जीबीआयएफचा नकाशा : ठिपक्यांवर किती भरवसा ठेवावा?

जीबीआयएफ, म्हणजे ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी. 2001 मध्ये सुरू झालेली, कोपनहेगनला सचिवालय असलेली ही सेवा पूर्ण फुकट आहे. प्राण्याचं किंवा वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाकलं की जगभरातली संग्रहालयं, विद्यापीठं आणि हौशी निरीक्षक यांच्या नोंदींचे ठिपके नकाशावर उमटतात. मोर किंवा हत्ती टाकून अशी सेवा तपासण्यात अर्थ नाही, ते कुणालाही ओळखता येतात. तिचा कस लागतो तो ओळखायला अवघड, पकडायला त्याहून अवघड आणि नावांचा गुंता वर्षानुवर्षं न सुटलेल्या प्राण्यावर. म्हणून इथे कसोटीला घेतली आहे सुन्कस एट्रस्कस, म्हणजे एट्रस्कन चिचुंद्री.

निकाल आधीच सांगून टाकू. नोंदी उतरवून घेण्याच्या सोयीला पाचपैकी साडेचार. नावांच्या हाताळणीला तीन. साइट उघडल्या उघडल्या दिसणाऱ्या नकाशाला दोन, आणि तेही सढळ हाताने.

प्राणी कोणता, ते आधी

वजनाच्या हिशेबाने ही जगातली सर्वांत हलकी सस्तन जात. प्रौढ चिचुंद्री साधारण 1.8 ग्रॅम भरते. 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे, म्हणजे नाण्याच्या निम्मीच. डोकं आणि धड मिळून साडेतीन ते पाच सेंटिमीटर. शरीर इतकं लहान की उष्णता भराभर निघून जाते, म्हणून दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट किडे खावे लागतात. थंडी वाढली किंवा अन्न कमी पडलं की काही तास अंग गार पाडून निपचित राहते.

चिचुंद्री उंदीर नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तरी नोंदींच्या जगात हा घोळ होतोच. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे असतात आणि त्यांच्यामागे मोकळी फट असते. चिचुंद्रीचा जबडा पुढून मागेपर्यंत टोकदार दातांनी भरलेला असतो. सुन्कस आणि क्रोसिड्युरा या दोन्ही वंशांचे दात पांढरे. उत्तरेकडच्या सोरेक्स वंशाच्या दातांची टोकं लोहामुळे तांबडी दिसतात. आता भिंग घ्या आणि कवटी बाजूने धरा. वरच्या जबड्यात पुढे आकड्यासारखा मोठा दात दिसेल. त्याच्यामागे एकेका टोकाचे बारीक दात ओळीने असतात. सुन्कसमध्ये ते चार, क्रोसिड्युरामध्ये तीन. चौथा इतका बारका आणि ओळीतून इतका आत दबलेला असतो की माती नीट निघाली नाही तर दिसतच नाही, आणि सुन्कसची कवटी क्रोसिड्युराच्या डबीत जाते. एकूण दात मोजले तर सुन्कसचे 30, क्रोसिड्युराचे 28. एट्रस्कनची अख्खी कवटी सुमारे 13 मिलिमीटरची. आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीत चिकचिकत फिरणाऱ्या सुन्कस म्युरिनसची कवटी तिच्या दुपटीहून मोठी.

सांगायचा मुद्दा असा की पक्की ओळख दातांवर होते आणि नकाशावरच्या ठिपक्याला दात नसतात.

नाव टाकताना

शोधाच्या चौकटीत नाव टाइप केलं की खाली यादी येते. त्यातलं मान्य नाव निवडायचं, नुसता मजकूर टाकून एंटर मारायचं नाही. मान्य नाव निवडलं तर त्या नावाला जोडलेली जुनी समानार्थी नावंही शोधात येतात. या चिचुंद्रीच्या बाबतीत ही फार मोठी सोय आहे. पाओलो साव्हीने 1822 मध्ये इटलीतल्या पीसाहून तिचं वर्णन केलं, सोरेक्स एट्रस्कस या नावाने. त्यानंतर आशियात जिथे जिथे कुणाला इवलीशी चिचुंद्री सापडली, तिथे तिथे तिचं नवं बारसं झालं. दुव्हर्नुआने 1842 मध्ये निलगिरीच्या नमुन्यावरून पेरोटेटी नाव दिलं. ब्लाइथने 1855 मध्ये हॉजसनी आणि मायक्रोनिक्स, अँडरसनने 1877 मध्ये ट्रावनकोरेन्सिस. ही सगळी नावं पुढे एट्रस्कसमध्ये विलीन झाली. एखाद्या जुन्या कातड्याच्या चिठ्ठीवर अजून पेरोटेटी लिहिलेलं असेल तरी सेवा ती नोंद बरोबर शोधून आणते.

याच सोयीचा तोटाही आहे. नावं एकत्र करताना सेवा कुणाचं तरी मत घेते आणि ते मत पडद्यावर ठळक दिसत नाही. मादागास्करची मादागास्करिएन्सिस, मलाया द्वीपकल्पातली मलायानस, बोर्निओची होजेई, श्रीलंकेची फेलोव्सगॉर्डनी या चारही कधी ना कधी एट्रस्कसच्या गोतावळ्यात धरल्या गेल्या. 2005 च्या प्रमाण जागतिक यादीत चारही स्वतंत्र जाती आहेत. 2011 मध्ये सायटोक्रोम बी या जनुकावर झालेल्या कामात मलायानस वेगळी पडली, तर मादागास्करची चिचुंद्री एट्रस्कसच्या अगदी लगत आली. तिकडे ती माणसाबरोबर जहाजातून पोचली असावी, असा तर्क त्यामागे आहे. तुम्ही कोणती यादी मानता त्यावर वितरणाची आग्नेय हद्द शेकडो किलोमीटर सरकते आणि हिंदी महासागरातलं एक मोठं बेट आत येतं किंवा बाहेर जातं. म्हणून उतरवलेल्या फाइलमध्ये ‘व्हर्बाटिम सायंटिफिक नेम’ हा रकाना आधी बघायचा. पाठवणाऱ्याने मुळात कोणतं नाव लिहिलं होतं ते तिथे असतं. शेजारच्या ‘सायंटिफिक नेम’ रकान्यात सेवेने लावलेला अर्थ असतो. दोन्हींत फरक असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

वरच्या पातळीवरचं वर्गीकरण तर इथे मागेच राहिलं होतं. बराच काळ या सेवेत चिचुंद्र्यांचा गण सोरिकोमॉर्फा असा दाखवला गेला. या गणात चिचुंद्र्या आणि चिचुंद्रीसारखेच जमीन उकरणारे मोल एकत्र होते आणि साळूसारखे काटे असलेले हेजहॉग बाहेर. जनुकांनी उलटं सांगितलं. चिचुंद्री मोलपेक्षा हेजहॉगच्या जवळची. त्यामुळे आता सगळ्यांना युलिपोटिफ्ला या एकाच गणात घेतात. जात शोधताना याने काही अडत नाही. पण गणाच्या नावाने डेटा उतरवून संख्या मोजणाऱ्याची गल्लत होते.

नकाशा बघून काय समजतं

पुस्तकी वितरण असं : भूमध्य समुद्राभोवतीचा दक्षिण युरोप आणि उत्तर आफ्रिका, तिथून अरबस्तान, मध्य आशिया, भारतीय उपखंड आणि पुढे आग्नेय आशिया. नकाशावर मात्र स्पेन, फ्रान्स, इटलीत ठिपक्यांची दाटी दिसते आणि भारताकडे आलं की जेमतेम शिंतोडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, हा युरोपातला प्राणी आहे आणि इकडे चुकूनमाकून आला आहे.

हा फरक चिचुंद्रीचा नव्हे, शोधणाऱ्यांचा. युरोपातले बरेच ठिपके गव्हाणी घुबडाने दिलेले आहेत. हे घुबड शिकार सगळीच्या सगळी गिळतं. न पचलेली हाडं आणि केस यांची गोळी करून बाहेर टाकतं आणि त्या गोळीत कवटी शाबूत राहते. जुन्या चर्चच्या किंवा धान्यकोठाराच्या माळ्यावरून गोळ्या गोळा करायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, चिमट्याने कवट्या वेगळ्या करून दात मोजायचे. ही तिकडची जुनी, रुळलेली पद्धत आहे. गव्हाणी घुबड आपल्या वाड्यांत, देवळांच्या शिखरांत आणि गोदामांतही आहे. त्याच्या गोळ्या उचलून त्यांची नोंद जगाच्या खात्यावर चढवणारे हात मात्र कमी.

सापळ्यांमुळेही फरक पडतो. लहान प्राण्यांच्या पाहणीत सर्रास वापरतात तो घडीचा ॲल्युमिनियमचा शर्मन सापळा. त्यात आतल्या पाटीवर प्राण्याचा भार पडला की दार लागतं. दोन ग्रॅमने ती पाटी हलत नाही. चिचुंद्री आत येते, आमिषाला लागलेल्या मुंग्या खाते आणि निघून जाते. तिच्यासाठी जमिनीच्या पातळीला तोंड येईल अशी बादली पुरावी लागते. भिंती गुळगुळीत, खोली निदान 30 सेंटिमीटर, आणि बादल्यांच्या रांगेवरून प्लास्टिकचा बुटका पडदा ताणलेला. तो पडदा जमिनीत चार बोटं गाडलेला हवा, नाहीतर चिचुंद्री खालून निसटते. दर दोन तासांनी बादली तपासावी लागते, कारण तेवढ्या वेळात ती उपाशी मरू शकते. तळाला पालापाचोळा आणि थोडे किडे टाकून ठेवायचे, पावसाळ्यात पाणी निघून जायला भोकं पाडायची. जंगलात हे करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. ज्या पाहणीत फक्त शर्मन लावले, तिच्या यादीत एट्रस्कन नसणं हा ती तिथे नसल्याचा पुरावा होत नाही. आणि जीबीआयएफच्या नकाशावर पाहणीची पद्धत दिसत नाही. नकाशाचे तीन गुण कापण्याचं मोठं कारण हे.

घुबडाच्या गोळीतून आलेल्या नोंदीत आणखी एक पाचर आहे. अक्षांश-रेखांश घुबडाच्या बसण्याच्या जागेचे असतात, शिकार झाली त्या जागेचे नसतात. घुबड काही किलोमीटर फिरून येतं. डोंगराच्या पायथ्याशी नोंदलेली चिचुंद्री वरच्या पठारावरची असू शकते. उंचीवरून अधिवास ठरवणाऱ्यांनी अशा नोंदी बाजूला ठेवाव्यात.

उतरवून घेणं आणि चाळणी लावणं

इथे सेवा खरोखर चोख आहे. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. चाळण्या लावून डाउनलोड मागितलं की फाइल तयार झाल्याची ईमेल येते आणि प्रत्येक डाउनलोडला स्वतःचा कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. अहवालात तो क्रमांक दिला की दुसऱ्या कुणालाही नेमका तोच संच तपासता येतो. सेवेची नावांची मूळ यादी आणि नोंदी सतत बदलत असल्यामुळे हा क्रमांक नसेल तर सहा महिन्यांनी तुमचाच आकडा तुम्हाला पुन्हा काढता येणार नाही.

‘सिंपल’ हा पर्याय बहुतेक कामांना पुरतो. फाइलला सीएसव्ही म्हटलं असलं तरी रकाने स्वल्पविरामाने नव्हे, टॅबने वेगळे केलेले असतात. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली तर नावांतली फ्रेंच-स्पॅनिश अक्षरं विस्कटतात आणि काही नमुना क्रमांकांच्या तारखा होऊन बसतात. डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल आयात करा, विभाजक टॅब, एन्कोडिंग यूटीएफ-8 आणि नमुना क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा.

मग ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’. जतन केलेला नमुना, माणसाने केलेलं निरीक्षण, जीवाश्म, असे प्रकार तिथे असतात. आजचं वितरण हवं असेल तर जीवाश्म आधी काढून टाका, नाहीतर हजारो वर्षांपूर्वीच्या गुहेतली हाडं आजच्या नकाशावर चढतात. पुढे ‘आयडेंटिफाइड बाय’ आणि ‘डेट आयडेंटिफाइड’. ओळख कुणी पटवली आणि कधी. 1890 च्या नमुन्याची ओळख 1990 नंतर पुन्हा तपासलेली असेल तर त्या ओळीचं वजन वाढतं. हे दोन रकाने रिकामे असतील तर एट्रस्कनसारख्या प्राण्याबाबत ती ओळ पेन्सिलीने लिहिलेली समजावी.

सर्वांत जास्त घाण अक्षांश-रेखांशांत असते. ‘इश्यू’ रकान्यात सेवा स्वतः काही खुणा करते : शून्य-शून्य निर्देशांक, देश आणि जागा यांचा मेळ नसणं, दशांश कमी करून आकडा जवळपासचा केलेला असणं. या खुणा उपयोगी आहेत, पण पुऱ्या पडत नाहीत. अंश-कला आणि दशांश यांची गल्लत बघा. 18 अंश 30 कला म्हणजे 18.50. कुणी घाईत 18.30 टाइप केलं की ठिपका 22 किलोमीटर दक्षिणेला सरकतो. देश तोच, जमीन तीच, त्यामुळे यंत्राला काही खटकत नाही. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल निदान उघडी पडते. पुण्याचे 18.52 आणि 73.86 उलटे टाकले तर चिचुंद्री नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात पोहताना सापडते. आर ही प्रणाली वापरणाऱ्यांनी कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज चालवावं. देशांचे मध्यबिंदू, राजधान्या, समुद्र, संग्रहालयांच्या इमारती, इतकंच काय, जीबीआयएफच्या कोपनहेगनच्या कचेरीवर पडलेले ठिपकेही ते हुडकतं. जागा ठाऊक नसलेल्या नोंदीला कुठलासा पत्ता चिकटवण्याची सवय जगभर आहे.

‘कोऑर्डिनेट अनसर्टंटी’ हा रकाना मीटरमध्ये असतो. चिठ्ठीवर फक्त ‘निलगिरी हिल्स’ लिहिलेला नमुना नकाशावर एका टोकदार बिंदूसारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याच्याभोवती दहा-वीस किलोमीटरचं वर्तुळ आहे. तालुक्याच्या पातळीवर काम असेल तर 5,000 मीटरपेक्षा जास्त अनिश्चिततेच्या ओळी बाजूला काढा. रकाना रिकामा असेल तर ‘अचूक’ असं समजू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘कुणी मोजलं नाही’ एवढाच असतो.

महाराष्ट्राच्या वाचकाने शेजारची एक जात इथे जरूर तपासून बघावी : सुन्कस स्टोलिक्झकानस. अँडरसनने 1877 मध्ये वर्णन केलेल्या या चिचुंद्रीचं मूळ ठिकाण बॉम्बे असं नोंदलेलं आहे. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिक्झका यांच्यावरून नाव पडलं. जुन्या चिठ्ठीवरच्या ‘बॉम्बे’चा अर्थ शहर असा घ्यायचा की सिंधपासून कानड्यापर्यंत पसरलेला इलाखा असा, हा प्रश्न अशा प्रत्येक नोंदीला विचारायला हवा. यंत्र सरळ शहराच्या मध्यावर ठिपका ठेवून मोकळं होतं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने 1911 पासून केलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीची सुरुवात खानदेशातून झाली होती. त्या पाहणीचे बरेच नमुने लंडनच्या संग्रहालयात गेले. म्हणून धुळे-जळगाव भागातला जुना प्राणी शोधायचा तर ‘इंडिया’च्या चाळणीसोबत संस्थेची चाळणी लंडनवर ठेवून ‘लोकॅलिटी’ रकान्यात जुनी इंग्रजी स्पेलिंगं चाळावी लागतात.

फोटोवरच्या नोंदी

आयनॅचरलिस्ट या हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळावरच्या ‘रिसर्च ग्रेड’ नोंदी जीबीआयएफमध्ये येतात, परवाना जुळत असेल तर. तारीख, जागा, फोटो आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचं एकमत एवढ्यावर हा दर्जा मिळतो. फुलपाखरांना ही पद्धत ठीक आहे. चिचुंद्रीला अजिबात नाही. मांजरीने दारात आणून टाकलेलं घरच्या चिचुंद्रीचं पिल्लू ‘जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी’ म्हणून चढवणं सोपं आहे आणि दोन उत्साही लोकांनी होकार दिला की झालं. डोळे मिटलेले, अंगावर लव विरळ, शरीराच्या मानाने डोकं मोठं असेल तर ते पिल्लूच. एकाची शेपटी दुसऱ्याने धरून आगगाडीसारखी रांग चालली असेल तरीही पिल्लंच. मृत प्राणी सापडला तर शेजारी नाणं आणि मोजपट्टी ठेवून वरून, बाजूने आणि पोटाकडून असे तीन फोटो घ्या, मागचं पाऊल नखं वगळून मोजा आणि सोन्याच्या काट्यावर वजन करा. कवटी टाकू नका. प्रत्यक्ष कवटी नसेल तर अशी नोंद ‘सुन्कस’ या वंशापर्यंतच ठेवणं शहाणपणाचं. आयनॅचरलिस्टवर जागा झाकलेल्या नोंदींचा ठिपका 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेही पडतो, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर बाजूच्या चौकोनातला खेळ, हेही ध्यानात ठेवा.

दुसरे पर्याय

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या रेड लिस्टवर या जातीला ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी चिंतेचा, दर्जा आहे आणि तिच्या वितरणाचा रंगवलेला पट्टा उतरवून घेता येतो, वापर व्यापारी नसेल तर. या फाइलमध्ये ‘प्रेझेन्स’ आणि ‘ओरिजिन’ असे दोन संकेतांक असतात. प्रेझेन्स 1 म्हणजे सध्या आहे, 3 म्हणजे असण्याची शक्यता. ओरिजिन 1 स्थानिक, 3 माणसाने नेलेली. कॅनरी बेटांतल्या टेनेरिफवरची एट्रस्कन या शेवटच्या वर्गातली. संकेतांक न बघता सगळा पट्टा एकाच रंगात छापणारे अहवाल ढिगाने सापडतात. पट्टा तज्ज्ञांच्या अंदाजाने आखलेला असतो, आतल्या प्रत्येक गावात चिचुंद्री तपासलेली नसते. नावांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमलॉजिस्ट्सचा मॅमल डायव्हर्सिटी डेटाबेस जास्त ताजा आहे, आवृत्ती क्रमांकासह अख्खी यादी मिळते. ठिपके मात्र तिथे नाहीत. नावं तिथून आणि नोंदी जीबीआयएफमधून घ्यायच्या, ही जोडी सध्या सर्वांत चांगली चालते.

चूक सापडली तर काय? प्रत्येक नोंदीच्या पानावर अभिप्रायाची खूण आहे. पण जीबीआयएफ स्वतः ओळ बदलत नाही, दुरुस्ती नोंद पाठवणाऱ्या संस्थेकडे व्हावी लागते. म्हणून अभिप्रायात नमुना क्रमांक, चुकलेला रकाना, आता तिथे काय आहे आणि काय असायला हवं, ते एका ओळीत लिहा. आयनॅचरलिस्टवरून आलेली नोंद असेल तर तिथेच जाऊन असहमती नोंदवा. मूळ जागी दुरुस्ती झाली की पुढच्या अद्ययावत फेरीत ठिपका आपोआप हलतो.